सात आडवे पट्टे

१

मंगळवारी दुपारी पावणेदोनला बारकी जेवून परत आली, क्लीन रूममध्ये गेली, वर्णपटमापकाचं झाकण काढलं आणि आत बघितलं. पाच मिनिटांनी मला फोन आला. "ताई, ग्रेटिंग कुणीतरी पुसलंय," एवढंच म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

पुसलंय म्हटल्यावर बाहेरच्या माणसाला वाटेल, बरं झालं, स्वच्छ झालं. म्हणून आधी थोडं सांगते. वर्णपटमापक म्हणजे दुर्बिणीच्या मागे बसवायची काळी पेटी. ताऱ्याचा उजेड तिच्यात शिरतो, ग्रेटिंगवर पडतो, त्याचे रंग सुटे होतात आणि कॅमेरा त्या रंगांचा फोटो घेतो. ग्रेटिंग म्हणजे वहीच्या पानाएवढा चकचकीत तुकडा. त्याच्यावर एका मिलिमीटरमध्ये बाराशे रेघा कोरलेल्या असतात. त्या डोळ्यांना दिसत नाहीत, आणि बोट लावलं की मोडतात. ग्रेटिंगवर धूळ बसली तर बसू द्यायची, डाग पडला तर डागासकट वापरायचं, पण पुसायचं नाही. हे आमच्याकडे आलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगतात.

मी या वेधशाळेच्या कार्यशाळेत भांडार आणि ड्रॉइंग-रूम सांभाळते. एकतीस वर्षं झाली. इथे टाचणी हरवली तरी मला विचारतात आणि आरसा फुटला तरी मलाच. नुकसानीचा अहवाल मी लिहायचा, 'कोणाच्या हातून' आणि 'कशामुळे' या दोन रकान्यांसकट. दुसऱ्या रकान्यात बहुतेक वेळा मी 'घाईमुळे' लिहिते आणि कुणी हरकत घेत नाही.

या वेळी मात्र पहिला रकाना जड जाणार होता. ही पेटी बारकीने पाच वर्षं खपून केलेली. बारकी चौतीस वर्षांची आहे. बाविसाव्या वर्षी इथे आली तेव्हा सगळ्यांत लहान होती, म्हणून हे नाव पडलं, ते केस पिकायला लागले तरी चिकटून आहे. बुधवारी अकराला तिच्या कायम नेमणुकीसाठी समिती बसणार होती. तिथे नाही म्हणाले, तर महिनाअखेर तिचा करार संपत होता.

मी जिना चढून वर गेले तेव्हा संचालक मॅडम आधीच दारात उभ्या होत्या. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "यंत्राचं आपण बघू. पण खोली तिच्या ताब्यात होती. तिच्या हातून झालं असेल, किंवा तिच्या निष्काळजीपणामुळे, तर पुढच्या दुर्बिणीचं काम मी तिच्याकडे कसं देऊ? अहवाल उद्या समितीपुढे हवा."

म्हणजे बारकीचं सगळं भवितव्य माझ्या एका रकान्यात आलं होतं.

२

क्लीन रूममध्ये धूळ किंवा थुंकीचा कण चालत नाही, म्हणून जाताना टोपी, मास्क, हातमोजे आणि पायपिशव्या घालाव्या लागतात. तो सगळा जामानिमा करून मी आत शिरले. सोबत मामा होते. मामा म्हणजे आमचे आरसे घासणारे. माझ्या एकतीस वर्षांत त्यांनी कधी आवाज चढवल्याचं मला आठवत नाही. आज त्यांचा चेहरा उतरला होता.

मामांनी छोटी बॅटरी तिरपी धरली. ग्रेटिंगच्या खालच्या भागात एकाखाली एक सात पट्टे दिसले. आडवे, सरळ, डावीकडून उजवीकडे.

"एका दमात ओढलेत," मामा म्हणाले. "मागेपुढे घासलेलं नाही. प्रत्येक पट्टा निराळा, नव्या कागदाने. लेन्स पुसायची पुस्तकी पद्धत हीच."

बाजूला लेन्स पुसायच्या कागदाचं पाकीट होतं. ते मी आदल्या दिवशीच दिलं होतं, सीलबंद, पंचवीस कागदांचं. आता आत अठरा होते. सात पट्ट्यांना सात कागद. पण वापरलेले कागद खोलीत कुठेच नव्हते.

मी कचऱ्याचा डबा उपडा केला. दोन टोप्या, हातमोज्यांच्या दोन जोड्या, पायपिशव्यांच्या दोन जोड्या. आणि मास्क एक.

"झाकण कसं होतं?" मी बारकीला विचारलं. ती भिंतीला टेकून बसली होती.

"बंद. चारही स्क्रू लावलेले."

"तू किती लावून गेली होतीस?"

"जेवायला जाताना मी दोनच लावते. परत यायचंच असतं ना." मग म्हणाली, "पण कुणास ठाऊक. आज चार लावले असतील."

मला तिचा रागच आला. चोर सोडून स्वतःलाच पकडायला निघाली होती. तिचा दादा सॉफ्टवेअरमध्ये आहे. तो दर सुट्टीत तिला सांगतो, हे पेचकस सोड आणि माझ्या कंपनीत ये. आई रोज फोनवर विचारते, झालीस का कायम. आणि ही म्हणते, कुणास ठाऊक.

मामा अजून बॅटरी धरून उभे होते. "ताई, हे बघा," ते हळूच म्हणाले. "निदान रेघांना धरून पुसलं असतं, तर थोडंफार वाचलं असतं. या माणसाने रेघांना आडवं पुसलंय. सगळ्या कापून काढल्या."

३

क्लीन रूमच्या दाराला आकड्यांचं कुलूप आहे. ते आकडे चौघांना माहीत: बारकी, मामा, सर्किट आणि प्रोफेसर. आत जाणारं पाचवं माणूस म्हणजे मावशी, पण तिला आकडे माहीत नाहीत, ती साफसफाईला येते ती बारकी आत असतानाच.

मावशीला मी जिन्याखाली गाठलं. ती तयारीतच होती.

"मला ठाऊकच होतं, माझ्यावर येणार म्हणून," ती म्हणाली. "साडेबाराला लादी पुसली, डबा रिकामा केला, नवी पिशवी लावली. बारकी तिथंच होती. टेबलाला मी हात लावत नाही. आणि लावला असता तर सात कागद कशाला घेतले असते? माझ्याकडे फडकं असतं की."

बरोबर होतं. मावशीच्या हाताला गोल गोल पुसायची सवय. माझ्या कपाटाच्या काचा त्याला साक्षी आहेत. शिवाय तिच्या बोलण्याने डब्याचा हिशेब लागला. साडेबारानंतर त्या डब्यात दोन माणसांचा ऐवज पडला होता. एक बारकीचा, तिच्या मास्कसकट. दुसरा माणूस टोपी घालून, मोजे घालून आला, पण तोंड उघडं ठेवून.

मग सर्किट. हा आमचा इलेक्ट्रॉनिक्सवाला. त्याच्यावर माझा सगळ्यांत जास्त संशय होता, उगाच लपवत नाही. कॅमेऱ्यातली चिप त्याच्याकडे, आणि ती दोन महिने रडतखडत चालली होती. पेटीची दुर्बिणीवरची चाचणी पुढे ढकलली गेली असती तर सगळ्यांत मोठा सुस्कारा त्यानेच टाकला असता.

"एक ते पावणेदोन कुठे होतास?"

"इथेच. एकटाच. साक्षीदार नाही." त्याने सोल्डरिंगची कांडी खाली ठेवली. "ताई, मला ते ग्रेटिंग मारायचंच असतं तर मी पुसत कशाला बसलो असतो? बाजूला पाना पडलाय. एक टोला, काम फत्ते. वर म्हणालो असतो, हातातून निसटला."

"हे तू फार पटकन बोललास."

"कारण मघापासून तोच विचार करतोय. पुसणाऱ्याला ते बिघडवायचं नव्हतं. नीट करायचं होतं. म्हणून तर दर वेळी नवा कागद."

कामचुकार असला तरी डोकं आहे पोराला. आणि त्याची दाढी छातीपर्यंत. मास्कशिवाय आत पाऊल टाकलं तर बारकीच त्याला बाहेर हाकलते. त्यामुळे तो मास्कवर आणखी एक मास्क चढवतो.

आता उरले दोघे. मामा, ज्यांना पुसायचं नसतं हे सगळ्यांत जास्त ठाऊक. आणि प्रोफेसर, जे माझ्या माहितीप्रमाणे सहा महिन्यांत क्लीन रूमकडे फिरकले नव्हते.

४

प्रोफेसर या प्रकल्पाचे प्रमुख. या वर्णपटमापकावर जो शोधनिबंध निघाला, त्याच्यावर पहिलं नाव त्यांचं आहे आणि बारकीचं आठवं. आमच्या धंद्यात असंच चालतं. निबंध लिहिणारा वर, यंत्र करणारा खाली, आणि नेमणुकीच्या वेळी समिती निबंध मोजते. तसा माणूस वाईट नाही. माझ्या नवऱ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा दोनदा भेटून गेले होते.

त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं.

"वाईट झालं," ते म्हणाले. "पण माणसाच्या हातून होतं. बारकी थकलेली असणार. उद्या मी समितीत तिची बाजू सांभाळून घेईन. निष्काळजीपणा हा शब्द अहवालात नको. 'अनवधानाने' असं लिहा."

"तिने केलं असं तुम्हाला वाटतं?"

"दुसरं कोण जातं तिथे?"

"तुम्ही?"

ते हसले. "मला कुठला वेळ? पुढच्या आठवड्यात परदेशात व्याख्यान आहे, याच यंत्रावर. अजून चित्रंसुद्धा जमवायची आहेत."

मी उठले. दारापर्यंत पोचवायला येताना त्यांनी मला धीर दिला. "एवढं मनाला लावून घेऊ नका. मी अडीचला जाऊन बघून आलो. ज्याने पुसलं त्याने निदान रेघांना धरून पुसलंय. नुकसान तितकंसं नसेल."

मी जिन्याच्या चौथ्या पायरीवर थांबले. एकच ग्रेटिंग, तेच सात पट्टे. मामा म्हणतात, रेघांना आडवं पुसलंय. प्रोफेसर म्हणतात, रेघांना धरून पुसलंय. दोघांपैकी एकाला रेघा कुठल्या दिशेला आहेत तेच माहीत नव्हतं.

५

याचं उत्तर माझ्याच खोलीत होतं.

ड्रॉइंगचा आमच्याकडे एक नियम आहे आणि त्यापायी मला मागून बरंच काही बोलतात. आराखडा बदलला की नवी प्रत देताना मी जुनी प्रत परत घेते, तिच्यावर 'रद्द' शिक्का मारते आणि वहीत सही घेते. जुनी प्रत दिल्याशिवाय नवी मिळत नाही. कारण एकदा एकाने जुन्या प्रतीवरून भोकं पाडली होती आणि तीन महिन्यांचं काम भंगारात गेलं होतं.

मी पेटीच्या ड्रॉइंगचं पान काढलं. पहिल्या आराखड्यात कॅमेरा ग्रेटिंगच्या वर उभा होता, त्यामुळे रेघा आडव्या. पण दुर्बीण कलली की तो उभा कॅमेरा केसभर वाकायचा. म्हणून दीड वर्षापूर्वी बारकीने तो आडवा निजवला, आणि त्याबरोबर ग्रेटिंगही पाव फेरा फिरवलं. तेव्हापासून रेघा उभ्या आहेत.

नव्या प्रतीसाठी तीन सह्या होत्या. बारकी, मामा, सर्किट. चौथ्या ओळीत प्रोफेसरांचं नाव होतं आणि पुढची जागा कोरी. दोनदा आठवण पाठवल्याची माझीच नोंद होती. त्यांची जुनी प्रत अजून त्यांच्याकडेच होती.

मी वही मिटली. मला आनंद वगैरे झाला नाही. माझ्याकडे कोरी सही होती आणि एक वाक्य, जे त्यांनी फक्त माझ्यापुढे उच्चारलं होतं. उद्या ते म्हणाले असते, तुम्ही चुकीचं ऐकलंत.

६

समितीत पाच माणसं होती. मध्ये संचालक मॅडम, त्यांच्या एका बाजूला प्रोफेसर, आणि बाहेरून आलेले तिघे. बारकी टोकाच्या खुर्चीत, मांडीवर एक फाइल धरून. मला अहवाल वाचायला बोलावलं.

"पहिला रकाना कोरा आहे," मॅडम म्हणाल्या.

"तो भरायला प्रोफेसरसाहेबांची मदत लागेल," मी म्हटलं. "मी भांडारातली बाई, मला यातलं फार कळत नाही. सर, ग्रेटिंगवर रेघा कशा आहेत ते मंडळींना जरा फळ्यावर काढून दाखवता का?"

प्रोफेसर उठले. शिकवायची सवय असलेला माणूस, खडू दिसला की उठतोच. त्यांनी चौकोन काढला आणि त्यात भराभर रेघा मारल्या. आडव्या.

बारकीने मान वर केली. "सर, त्या उभ्या आहेत," ती म्हणाली. "दीड वर्ष झालं."

प्रोफेसर फळ्याकडे बघत राहिले. खडू त्यांच्या हातातच होता.

मग मी बोलले, आणि एका दमात बोलले, नाहीतर माझा धीर सुटला असता. "ज्याने पुसलं त्याला बिघडवायचं नव्हतं, म्हणून त्याने सात पट्ट्यांना सात नवे कागद घेतले. त्याला एवढं माहीत होतं की पुसायचं तर रेघांना धरून पुसायचं. ग्रेटिंग मुळात पुसायचंच नसतं, हे हाताने काम केलेल्या प्रत्येकाला कळतं, त्याला ते कळत नव्हतं. रेघा आडव्या आहेत असं तो समजून चालला होता. कुलपाचे आकडे माहीत असलेल्यांत तिघांनी नवं ड्रॉइंग घेतलंय. आणि तो मास्क न लावता आत गेला. क्लीन रूममध्ये तोंड उघडं कुणाला लागतं? ज्याला आपला चेहरा दिसायला हवा त्याला. व्याख्यानासाठी ज्याला यंत्राजवळ उभं राहून फोटो काढायचा होता त्याला."

मॅडमनी शेजारी बघितलं.

प्रोफेसर खुर्चीत येऊन बसले. "फोन टेबलावर लावला होता," ते म्हणाले. "टायमरवर. ग्रेटिंग दिसावं म्हणून झाकण काढलं. वाकलो आणि शिंक आली. थेंब उडाले. मला वाटलं, मी नीट पुसतोय. कागद खिशात घातले, चारही स्क्रू लावले आणि निघून आलो."

"रंग कुठल्या बाजूला पसरतायत एवढं बघितलं असतंत, तरी रेघा कळल्या असत्या," बाहेरून आलेल्यांपैकी एक म्हातारे गृहस्थ म्हणाले. त्यांची बोटं मामांसारखी, काचा घासून झिजलेली होती.

"घाबरलो होतो."

"आणि ते थेंब तसेच ठेवले असते तर?" मॅडमनी बारकीला विचारलं.

"शंभरात एखादा भाग उजेड कमी झाला असता. कळलंही नसतं कुणाला."

प्रोफेसरांनी डोळे मिटले. मला त्यांची कीव आली आणि त्याच वेळी संतापही आला. शिंक कुणालाही येते. पण काल त्यांनी मला पाणी देऊन, समोर बसवून, त्या मुलीच्या नावापुढे 'अनवधानाने' लिहायला सांगितलं होतं.

"तुम्ही या समितीतून उठावं," मॅडम त्यांना म्हणाल्या. ते उठले. हातातला खडू टेबलावर ठेवला आणि बाहेर गेले.

मॅडमनी माझ्याकडून अहवाल घेतला आणि पहिला रकाना स्वतःच्या हाताने भरला. मग बारकीकडे वळल्या. "ग्रेटिंग तर गेलं. नवीन यायला आठ महिने. तुझं म्हणणं काय?"

बारकीने मांडीवरची फाइल उघडली. "सकाळी सातला येऊन मोजलं. पुसलेला भाग काळ्या पट्टीने झाकला तर उरलेलं चोख चालतंय. साठ टक्के उजेड मिळतो. चाचणीच्या अटींत पंचावन्न लिहिलंय." तिने आलेख सरकवला. "सकाळची पट्टी कागदाची होती. मामा धातूची कापून देतायत. संध्याकाळी दुर्बिणीवर चढवता येईल."

ते म्हातारे गृहस्थ आलेख बराच वेळ बघत होते. "पेटी चालते," ते म्हणाले. "मग आपण बसलोय कशाला?"

"आठ महिन्यांनी नवीन ग्रेटिंग येईल ते बसवणार कोण, हे ठरवायला," मॅडम म्हणाल्या आणि बारकीच्या नेमणुकीच्या कागदावर सही केली. एकेक करत उरलेल्या तिघांनीही केली.

आम्ही दोघी बाहेर आलो. मी म्हटलं, "काल स्वतःच्या बाजूने एक अक्षर बोलली नाहीस. चार स्क्रू तू लावले नव्हतेस, हे तुला कळत होतं ना?"

"कळत होतं. पण वाटलं, लावले असतील आणि विसरले असेन." बारकी चालता चालता थांबली. "काल घरी जाऊन जेवणाच्या टेबलापाशी बसले होते, ताई. मी कधी पुसलं आणि कसं पुसलं ते आठवायचा प्रयत्न करत होते. आई विचारत होती, काय झालं, आणि मी हात बघत होते. बारा वर्षं इथे ऐकतेय, काही बिघडलं की आधी हातांनी काम करणाऱ्याला विचारा. मीही आधी मलाच विचारलं."

मी तिचा हात हातात घेतला आणि आम्ही कार्यशाळेकडे निघालो, कारण पट्टी कापून मामा खोळंबले होते.